उजवा हात प्लास्टरात असताना

ओल्या फरशीवरून घसरले, हे आधीच सांगून टाकते.
तू केळीचे ट्रक भरतोस म्हणून
आख्ख्या चोपड्याला माझ्या पायाखाली सालच हवी आहे.

आता मी खाटेवर बसून तोंड चालवणार
आणि गोधडी तू शिवणार.
सोमवारी हेमांगीला नाशिकला सोडायचंय,
हॉस्टेलच्या लोखंडी पलंगावर घरचं काहीतरी हवं.

खालचं कापड आधी. उलटी बाजू वर.
चारी अंगांनी वीतभर जास्त राहू दे,
टाके पडले की ते आक्रसतं,
हप्ते गेलेल्या पगारासारखं.
कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेव:
वरवंटा, पाच किलोचं माप, तुझा जॅक.
ताण, पण रबर ताणतो तसं नको.

त्यावर जुनी चादर. आटायची ती आटून झालीय.
त्यावर आपले तुकडे,
माझं निळं लुगडं, तुझे कामाचे शर्ट,
खांद्यावर चिकाचे काळे डाग असलेले.
डाग झाकू नकोस. आठ साबण हरलेत त्यांच्यापुढे.

आता कच्चा टाका.
घाई सगळ्यांची इथेच होते.
मधून काठाकडे जा, काठाकडून मधे कधीच नाही.
आधी तळहात फिरव, पोट दुखणाऱ्या पोराच्या पोटावर फिरवतात तसा,
सुरकुती बाहेर जाते.
बोटभर लांब टाके. पांढरा दोरा, उसवताना दिसायला हवा.
मधे मधे मुठीच्या अंतरावर पिना.

दुपारभर तू वाकून होतास.
तुझ्या मानेवरचा घाम मोजत मला झोप लागली.
उठले तर म्हणालास, झालं.
बघू, उचल.
तू उचललीस,
आणि खालची सतरंजीही आली.

हसू नकोस म्हणालास. प्लास्टरच्या आत खाज सुटेपर्यंत हसले.
मग तूच एकेक टाका कापलास, न बोलता,
आणि रात्री दिव्याखाली पुन्हा घातलेस,
या वेळी प्रत्येक टाक्याला खाली हात घालून.

मशीन.
सुई नवी लाव, अठरा नंबरची.
टाक्याचा खटका चारवर.
आधी चिंधीवर चालवून बघ, चिंधी रागावत नाही.
बॉबिन भरून ठेव दोन-तीन.
दोन्ही बाजू पत्रिकेसारख्या गुंडाळ,
लोंबणारं ओझं स्टुलावर टेकव.
बोटांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढव, पकड येते.
पिना सुईखाली येण्याआधी काढून वाटीत टाक.
तोंडातली आधी.

आणि ढकलू नकोस.
तुला घड वाहायची सवय,
वजन दिसलं की खांदा देतोस.
खाली दाते आहेत, ते नेतात.
तू फक्त सोबत जा.
थांबलास तर सुई कापडात रुतलेली राहू दे,
नाहीतर ओळ कुठे होती ते विसरतं.

तिसऱ्या ओळीपर्यंत मशीनचा आवाज बदलला,
खडखड करणारं पायडल एका चालीला लागलं.
मी काही सांगितलं नाही तेवढा वेळ.

उलटून बघ म्हटलं, तर एका कोपऱ्यात चुणी.
'खालनी बाजू कोन देखस?'
अंगाला लागते ती खालचीच बाजू, म्हटलं.
उसवलंस. अर्धा तास.
दुसऱ्या कोपऱ्यातली चुणी मला दिसली होती,
ती मी सांगितली नाही.

रविवारी संध्याकाळी कच्चा दोरा काढायला बसलास.
मधली गाठ कापून टोक धरलंस,
आणि सरसर आला, काठापर्यंत,
कुठेही न तुटता.
तू तो फेकला नाहीस.
रिकाम्या रिळावर गुंडाळत राहिलास.
काय करायचाय आता, विचारलं.

'पुढलीले कामले ई.'

पुढली कोणासाठी, ते तू बोलला नाहीस.
माझ्या खाटेवरच्या, विरलेल्या पांघरुणाकडे बघून
रीळ डब्यात ठेवलंस.